मोर्टी झेलनिकचं पहिलं सरळ वाक्य

ज्या समाजात ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारे जास्त असतात त्याला सुसंस्कृत समाज म्हणतात. आणि जिथे ऐकणारा एकही उरत नाही तिथे कविता शिखरावर पोचलेली असते. या कसोटीवर पाहिलं तर एकोणीसशे पंचाहत्तर साली न्यूयॉर्कच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीत, सातव्या रस्त्यावरच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर सोमवारी संध्याकाळी जे चालायचं ते मानवजातीच्या प्रगतीत फार वरच्या पायरीवर होतं.

तिथे अर्थमुक्त काव्य मंडळाची साप्ताहिक सभा भरायची. शहराचं त्या सुमारास दिवाळं निघालं होतं. कचरा उचलला जात नव्हता, पोलीस कमी केले होते, आणि काही घरमालक विम्यासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावत होते, त्या विझवायला बंबही वेळेवर येत नव्हते. अशा काळात भाषेत अर्थ शिल्लक ठेवणं म्हणजे परिस्थितीशी प्रतारणा झाली असती. मंडळाने ती होऊ दिली नाही. बाकी सगळ्या नागरी सेवा कोलमडलेल्या असताना शब्दांतून अर्थ काढून टाकण्याचं काम मात्र एकाही सोमवारी बंद पडलं नाही, याची नगरपालिकेने कधी दखल घेतली नाही.

मंडळाचे नियम थोडे पण चोख होते. कवितेत भावना असू नये. 'मी' असू नये. क्रियापद शक्यतो टाळावं, कारण क्रियापद आलं की कोणीतरी काहीतरी करतंय असा लोकांचा गैरसमज होतो. (अगदीच टाळता येत नसेल तर ते इतक्या वेळा म्हणावं की त्यातला जीव जावा.) कविता झाल्यावर टाळ्या वाजवू नयेत, फक्त चुटक्या वाजवाव्यात, टाळीने मत व्यक्त होतं, चुटकीने नुसती हजेरी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मायक्रोफोनसमोर जे काही घडेल ती कविताच समजण्यात यावी. या शेवटच्या नियमामुळे मंडळात आजवर एकही कविता फसलेली नव्हती. एकदा एका सभासदाला मायक्रोफोनसमोर भोवळ आली आणि तो आडवा झाला. सभागृहाने ती रचना शेवटपर्यंत शांतपणे ऐकली. तो बरा होऊन परत आला तेव्हा त्याला कळलं की ती त्याची त्या वर्षातली सर्वोत्कृष्ट कविता ठरली आहे, आणि त्यानेही मग भोवळीचा उल्लेख करायचं सोडून दिलं.

श्रोत्यांची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. आपली कविता झाली म्हणून जो उठून जाईल त्याचा पुढच्या सोमवारचा क्रम रद्द व्हायचा. त्यामुळे सगळे कवी सगळ्यांच्या कविता होईस्तोवर बसून राहत आणि मनातल्या मनात आपली कविता घोकत. मंडळाच्या पाहणीनुसार श्रोत्यांमध्ये कवींचं प्रमाण शंभर टक्के होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही साहित्य संस्थेला हा आकडा गाठता आला असेल असं वाटत नाही. (काही संस्था अगदी जवळ पोचल्या आहेत.)

अध्यक्षस्थानी हॅलोवेलबाई असत. प्रुडन्स हॅलोवेल हे त्यांचं पूर्ण नाव. बोस्टनच्या जुन्या घराण्यातल्या, उंच, करड्या केसांच्या, बारा महिने एकच काळा कोट घालणाऱ्या. गेली चार वर्षं त्या टेलिफोन डिरेक्टरी वाचून दाखवत होत्या, त्यातले फक्त आकडे. नावं वाचली तर त्यात ओळखीचं कोणी निघण्याचा धोका असतो आणि मग भावना येते, असं त्या नवीन सभासदांना समजावून सांगत.

आणि मोर्टी झेलनिक हा मंडळाचा उगवता तारा होता. वय तिशीच्या पुढे, पण कवितेत माणूस बराच काळ उगवत राहू शकतो. ब्रुकलिनच्या एका बटणांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. दिवसा तो पुस्तकांच्या गोदामात काम करायचा, म्हणजे पुस्तकं न वाचता त्यांची बांधाबांध करायचा. त्याची गाजलेली कविता म्हणजे 'फ्रीज'. त्यात तो तोंडाने फ्रीजचा आवाज काढायचा आणि मध्येच थांबायचा. तो थांबला की हॉलमध्ये अशी काही शांतता पसरायची की हॅलोवेलबाईंनी एकदा त्या शांततेवर स्वतंत्र टिपण लिहिलं होतं.

मंडळाच्या त्या शंभर टक्क्यांना पहिला तडा गेला तो त्याच्या दोन वर्षं आधी, नेरेइदा किन्योनेसमुळे. ती सी अव्हेन्यूवर आईबरोबर राहायची, कोट शिवायच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची आणि चर्चच्या हॉलमध्ये टायपिंगचा वर्ग असतो असं ऐकून आली होती. वर्ग मंगळवारी असायचा. ती सोमवारी आली. आत आल्यावर कोणीतरी काहीतरी वाचतंय, मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून मागच्या रांगेत बसली. तेव्हा मोर्टी मायक्रोफोनसमोर उभा राहून नियमानुसार एकच क्रियापद मरेपर्यंत म्हणत होता. "इकडे ये. इकडे ये. इकडे ये." हॉलमधला नवीन चेहरा तेवढाच, म्हणून त्याची नजर तिच्याकडे गेली. नेरेइदाने थोडा वेळ वाट पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि मग उठून सरळ त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं? काही मदत पाहिजे का?" तिने विचारलं.

मंडळाच्या इतिहासात कोणी कवितेला उत्तर दिलं नव्हतं. (त्यानंतर जोरदार चुटक्या झाल्या, हे सांगायला नकोच.)

नंतर चर्चच्या पायऱ्यांवर मोर्टीने तिला नीट समजावून सांगितलं. मायक्रोफोनसमोर जे म्हटलं जातं ते कोणाला उद्देशून नसतं. तो नुसता ध्वनी असतो. त्यात बोलणाऱ्याचं काही नसतं आणि ऐकणाऱ्यानेही काही घ्यायचं नसतं.

"मग माझ्याकडे बघून कशाला म्हणालास?"

"मी तुझ्याकडे बघत नव्हतो. माझे डोळे त्या दिशेला होते."

"असं होय," नेरेइदा म्हणाली. "मग आता कोणत्या दिशेला आहेत?"

तिथून ते सुरू झालं. मोर्टी दर रविवारी सी अव्हेन्यूवर जेवायला जाऊ लागला आणि नेरेइदा दर सोमवारी हॉलमध्ये मागच्या रांगेत बसू लागली. मंडळात कवींचं प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांवर घसरलं आणि थोडी चिंता पसरली, पण मोर्टीने जबाबदारी घेतली. हळूहळू त्याने तिला तयार केलं. कविता झाल्यावर 'म्हणजे काय?' असं विचारायचं नाही. हसू आलं तर खोकायचं. कोणी रडल्यासारखं दिसलं तर जवळ जायचं नाही. नेरेइदा हुशार होती, लवकर शिकली. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती इतक्या सफाईने चुटकी वाजवायची की नवखे लोक तिला कवयित्री समजत.

तिच्या आईला मात्र काही शिकवता आलं नाही. दोन्या प्रोवी म्हणून सगळी गल्ली तिला ओळखायची. मोर्टी जेवणाच्या टेबलावरच आपल्या सोमवारच्या कवितेची तालीम करायचा. दोन्या प्रोवी तुरीचे दाणे घातलेला भात त्याच्या ताटात वाढायची आणि म्हणायची, "खा बाबा. तोंडात घास असला की तेवढा वेळ तरी कविता होत नाही." आणि मुलीला आतल्या खोलीत म्हणायची, पण बाहेर ऐकू जाईल अशा बेताने: "बोलतो पुष्कळ गं. सांगत काही नाही."

पंचाहत्तरच्या मे महिन्यात कोटांचा कारखाना बंद पडला. त्यानंतरच्या रविवारी दोन्या प्रोवी खाली शेजारणीकडे गेली असताना नेरेइदा कच्च्या केळ्याचे काप तळत होती. पाठमोरीच तिने सांगितलं.

"आई परत चाललीये. बायामोनला, आमच्या बेटावर. मामाची बेकरी आहे तिथे."

"कधी?"

"येत्या शुक्रवारी. रात्रीचं विमान."

"आणि तू?"

"मी पण. तसं ठरलंय." तिने काप उलटे केले. "तसं म्हटलं तर माझं तिकीट बदलून मिळतं. मावशीची मुलगी टपूनच बसलीये जायला. पण मी इथे राहायचं तर कशासाठी राहायचं, हा प्रश्न आहे ना."

हा प्रश्न नव्हता, हे आपल्याला कळतंय. मोर्टीलाही कळलं. त्याचं नेरेइदावर प्रेम होतं. हे इथे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण तो काही सांगणार नाही. ती गेली तर रविवार कसा काढायचा हे त्याला सुचत नव्हतं. तिला थांबवायला दोन शब्द पुरे होते आणि दोन्ही त्याला येत होते. पण एक क्रियापद, वर भावना, आणि न उच्चारलेला का होईना पण स्पष्ट 'मी'. आठ वर्षांच्या साधनेत जे जे टाळलं ते सगळं एकाच वाक्यात घुसलेलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग त्याने मान वर केली.

"नेरेइदा," तो म्हणाला. "जाऊ नकोस."

तिने झारा खाली ठेवला. गॅस बारीक केला. वळून त्याच्याकडे बघितलं. याच टेबलावर त्याने फ्रीजचा आवाज काढला होता, लिफ्टचा काढला होता, एक अख्खा रविवार नुसती स्वल्पविरामांची कविता म्हटली होती.

"हे नवीन आहे?" तिने हळूच विचारलं.

आता मोर्टीने काय म्हणायला हवं होतं ते कोणीही सांगेल. पण ज्याने आठ वर्षं कवींसमोर कविता वाचली आहे आणि ज्याला आठ वर्षांत कोणी आपणहून नव्या कवितेबद्दल विचारलेलं नाही, अशा माणसाची अडचण समजून घेतली पाहिजे.

"कसं वाटलं?" तो म्हणाला. "आधीच्यांपेक्षा बरं आहे?"

नेरेइदाने पुन्हा झारा उचलला.

"बरं आहे," ती म्हणाली. "आधीच्यांपेक्षा खूपच बरं आहे."

मोर्टी खूश झाला. घरी पोचेपर्यंत खूश होता. जिना चढताना त्याच्या लक्षात आलं की काम झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. घरी सांगितलेलं तालमीत जमा होतं, तेव्हा चारचौघांत सांगावं, म्हणजे शंका राहणार नाही, असा मोर्टीने विचार केला. तो मायक्रोफोनसमोर गेला, हातातला कागद त्याने खिशात घातला, मागच्या रांगेकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नेरेइदा, शुक्रवारी जाऊ नकोस."

हॉलमध्ये चुटक्यांचा पाऊस पडला. चर्चा तासभर चालली. एका गटाचं म्हणणं पडलं की यात क्रियापद आहे, विशेषनाम आहे, वारसुद्धा आहे, तेव्हा हा सरळ सरळ द्रोह आहे. दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे त्या एकमेकींना खोट्या पाडतात. शेवटी हॅलोवेलबाई उठल्या.

"झेलनिक, तुम्ही आज खरेपणाची नक्कल केलीत," त्या म्हणाल्या. "इतकी हुबेहूब की मला क्षणभर लाज वाटली. फार धाडसाचं काम आहे. अभिनंदन."

"बाई, पण ती नक्कल नव्हती. ती मागे बसलीये बघा, ती नेरेइदा."

"हे तर त्याहून सुंदर," हॅलोवेलबाई म्हणाल्या आणि सभागृहाने पुन्हा चुटक्या वाजवल्या.

मागच्या रांगेत नेरेइदाही चुटक्या वाजवत होती. मोर्टीच्या डोळ्यांत डोळे घालून, नियमानुसार.

इथे मोर्टीने एक शोध लावला आणि संगीताच्या इतिहासाला त्यामुळेच वळण लागलं. त्याचा युक्तिवाद असा होता: माणसं हळू बोललेलं साहित्य समजतात आणि ओरडून बोललेलं खरं मानतात. 'चोर', 'बाजूला व्हा', 'माझा पाय' ही वाक्यं कोणी रसग्रहणासाठी घेत नाही. तेव्हा हे वाक्य आपण ओरडून म्हणायचं. आणि घशाला मर्यादा असते, म्हणून विजेची मदत घ्यायची.

त्याच्या खोलीखाली एका युक्रेनियन माणसाचं सॉसेजचं दुकान होतं. त्याचा पुतण्या बोहदान तिथे मांस तोडायचा. बोहदानने लग्नात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून जुना ड्रमसेट, एक अँप्लिफायर आणि तीन तारा उरलेली गिटार एकगठ्ठा विकत घेतली होती, आणि यातलं काही वाजवता येतं का हे अजून करून बघितलं नव्हतं. मोर्टीने गिटार गळ्यात अडकवली. दोघांनाही संगीतातलं काही कळत नसल्यामुळे मतभेद झाले नाहीत.

बाउअरी नावाच्या रस्त्यावर गेरिटीचा गुत्ता होता. तिथे दिवसा फुटपाथवरचे दारुडे बसत आणि संध्याकाळी तेच बसत. गेरिटीला जरा बरी गिऱ्हाइकं हवी होती.

"वाजवता येतं का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही," मोर्टी म्हणाला.

"बरं झालं. येणाऱ्यांचे नखरे फार असतात. बुधवारी या."

बुधवारी संध्याकाळी गुत्त्यात दारुडे होते, आर्ट कॉलेजची काही पोरं होती आणि झाडून सगळं मंडळ होतं, कारण मोर्टी त्यांच्या कवितांना बसायचा. नेरेइदाही आली. सामान बांधता बांधता आली होती, हाताला सुतळीचे वळ होते. ती दारापाशी उभी राहिली.

बोहदानने ड्रम बडवायला सुरुवात केली. तो मांस तोडायचा तसाच वाजवत होता, पण दुकानात गर्दी असतानाच्या वेगाने. ते नवं संगीत इतकं वेगवान का झालं यावर पुढे बरंच संशोधन झालं आणि महानगरातली अस्वस्थता, यंत्रयुग, तारुण्यातला संताप अशी कारणं पुढे आली. बोहदानला लघवीला जायचं होतं, हे कारण अजून कोणी सुचवलेलं नाही. अँप्लिफायर किंचाळला. मोर्टीने तिन्ही तारांवर एकदम हात मारला, तोंड मायक्रोफोनला टेकवलं आणि जीव तोडून ओरडला.

"जाऊ नकोस. जाऊ नकोस. जाऊ नकोस."

दुसरं काही कडवं नव्हतंच. आर्ट कॉलेजची पोरं आधी चक्रावली, मग जागच्या जागी उड्या मारायला लागली. एका दारुड्याने ग्लास फोडला. कोणीतरी ते वाक्य उचललं, मग शेजारच्याने, आणि बघता बघता सगळा गुत्ता एका तालात ओरडू लागला. हॅलोवेलबाईंनी काळा कोट काढल्याचं त्या दिवशी प्रथमच पाहण्यात आलं. शंभरेक माणसं घसा फोडून एका मुलीला थांब म्हणत होती आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. ती मुलगी दोन्ही कानांत बोटं घालून दारापाशी उभी होती आणि मोर्टीची नजर गेली की हसून मान हलवत होती.

संपल्यावर तो धडपडत बाहेर आला. रस्त्यावर अजून उजेड होता. त्याचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, बोटांतून रक्त येत होतं. नेरेइदाने पिशवीतून फडका काढून त्याच्या हाताला गुंडाळला.

"छान झालं," ती म्हणाली. "लोकांना आवडलं या वेळी."

"शब्द ऐकू आले का तुला?"

"नाही रे. कोणाला येतील? पण तू खूश दिसत होतास." तिने फडक्याची गाठ मारली आणि त्याचा हात सोडला नाही. "मोर्टी, शुक्रवारी संध्याकाळी सातला टॅक्सी बोलावलीये. सामान खूप आहे. तुला यायचंय का? का... काही म्हणायचंय?"

ना मायक्रोफोन होता, ना मंडळ, ना टेबल. मोर्टीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, हे त्याने पुढे शपथेवर सांगितलं आहे आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तेवढ्यात गेरिटी ॲप्रनला हात पुसत बाहेर आला.

"ए कवी," तो म्हणाला. "असली गर्दी मी बापजन्मात बघितली नव्हती. शुक्रवारी सातला परत करणार का? नसेल जमत तर दुसरं कोणी बघतो."

"शुक्रवारी सातला मी इथे येतो," मोर्टी म्हणाला.

या वाक्याकडे जरा थांबून बघितलं पाहिजे. त्यात 'मी' आहे, वार आहे, वेळ आहे, ठिकाण आहे आणि शेवटी ठणठणीत क्रियापद. मोर्टी झेलनिकच्या तोंडून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य. ते कोणी नक्कल मानलं नाही, त्यावर चर्चा झाली नाही, त्याचा दुसरा अर्थ कोणी काढला नाही. ऐकणाऱ्या दोघांनाही ते लगेच आणि पुरतं कळलं. गेरिटी आत गेला. नेरेइदाने मोर्टीचा हात सोडला, "बरं," म्हणाली आणि सी अव्हेन्यूच्या दिशेने चालू लागली.

शुक्रवारी गुत्ता रस्त्यापर्यंत भरला होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ज्याला पंक असं नाव पडलं त्या चळवळीने जुने सगळे नियम मोडले आणि वर्षाच्या आत आपले नवे तयार केले. वाद्य वाजवता येऊ नये. गाणं तीन मिनिटांच्या आत संपावं. कपडे फाटलेले असावेत, आणि ते आपोआप फाटले नसतील तर नीट फाडून घ्यावेत. बोहदान रोजच्या सरावाने नकळत बरा वाजवू लागला तेव्हा त्याला समज देण्यात आली. एका टोळक्यातल्या गिटारवाल्याने सहा वर्षं संगीत विद्यालयात काढल्याचं उघडकीस आलं, तेव्हा बिचाऱ्याने हातमोजे घालून वाजवायला सुरुवात केली. अर्थमुक्त काव्य मंडळाने एक निवेदन काढून या सगळ्याचं श्रेय रीतसर स्वीकारलं. प्रयोगशील कवितेचा पंकवर जो प्रभाव पडला तो तेव्हापासून निर्विवाद मानला जातो.

'जाऊ नकोस' हे गाणं शर्टांवर आलं, भिंतींवर आलं. ते कोणाला उद्देशून आहे याबद्दल विद्वानांत तीन मतं आहेत. एका मताप्रमाणे ते शहर सोडून जाणाऱ्या भांडवलाला उद्देशून आहे. दुसऱ्याप्रमाणे भाषेतून निघून जाणाऱ्या अर्थाला. तिसरं मत असं की ते कोणालाच उद्देशून नाही आणि तीच त्याची ताकद आहे. एका मुलाखतीत मोर्टीला थेट विचारण्यात आलं तेव्हा तो म्हणाला, "नेरेइदा किन्योनेस. सी अव्हेन्यूवर राहायची." मुलाखतकाराने कंसात 'हशा' असं लिहिलं.

वर्षभराने एका दुपारी मोर्टीने गुत्त्याच्या भिंतीवरच्या फोनवरून बायामोनच्या बेकरीत फोन लावला. मागे कोणीतरी ड्रम ठोकून बघत होतं, म्हणून त्याने दुसऱ्या कानावर हात धरला.

"नेरेइदा, मी मोर्टी."

"ओळखला आवाज. बोल."

"ते तुला होतं," तो म्हणाला. "सगळं तुलाच होतं. जाऊ नकोस म्हणत होतो मी. मला खरंच म्हणायचं होतं गं."

पलीकडे बेकरीत कोणीतरी पावांचे ट्रे आपटले. नेरेइदाने थांबून त्याला काहीतरी सांगितलं, मग ती फोनवर परत आली.

"मला कळलं होतं रे," ती म्हणाली. "रविवारीच कळलं होतं, केळी तळत होते तेव्हा. मी विचारलं नवीन आहे का, तर तू नाही म्हणशील असं वाटलं होतं. तू विचारलंस बरं आहे का. मग मी सांगितलं, बरं आहे."

मोर्टीला रडू आलं. तो भिंतीला कपाळ टेकून बराच वेळ उभा राहिला, आणि ते रडू अगदी खरं होतं. मग त्याने बारवरून पेन्सिल मागून घेतली आणि विसरायच्या आत तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलं. दुसऱ्या रेकॉर्डवरचं ते तिसरं गाणं. समीक्षकांच्या मते त्याचं सर्वांत प्रगल्भ.

वाचकांनी या माणसाबद्दल वाईट मत करून घेण्याची घाई करू नये. फोनवरचं तिचं बोलणं वाचून तुम्हीही क्षणभर थांबलात आणि मनात म्हणालात, वा, छान जमलंय. तसं होणं साहजिक आहे, रसिकता तिलाच म्हणतात. आणि हो, मघाशी तुम्ही वाचत असताना घरातलं कोणीतरी येऊन तुम्हाला काहीतरी सांगून गेलं. तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. काय सांगितलं होतं त्यांनी?